जिन्याची फाईल

सोमवार, ४ फेब्रुवारी

वाचनालयाचे चिटणीस अकरा वाजता आले. ह्यांची तब्येत विचारली, चहा घेतला आणि मग मुद्द्यावर आले. वाचनालयाला लागून मुलांचा विभाग बांधायचा आहे. त्यासाठी मूळ इमारतीचे नकाशे हवेत, तेही कॉम्प्युटरमधले. त्यांच्याकडच्या कागदी प्रती छत गळून भिजल्या. पंचवीस तारखेला पायाभरणी आहे. त्याच दिवशी दारापाशी एक दगड बसवणार आहेत. मूळ इमारत कुणी रचली, ते त्यावर कोरायचं, म्हणजे ह्यांचं नाव.

"नऊ वर्षं राहूनच गेलं होतं ते," चिटणीस म्हणाले. "नकाशे तेवढे वीस तारखेपर्यंत द्या."

"नाही," हे खुर्चीतून म्हणाले.

चिटणीस चपापले. मी त्यांना सांगितलं की सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ह्यांच्या तोंडी एवढा एकच शब्द उरला आहे. चहा हवा का विचारलं तर नाही, आणि कप पुढे ओढतात. डॉक्टरांनी सांगितलंय, शब्दाकडे लक्ष देऊ नका, हाताकडे द्या.

नकाशे देते, म्हणाले मी. ह्यांच्या ऑफिसचा कॉम्प्युटर मोडीत निघाला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने त्यातलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवलं होतं. मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे. चार नकाशे मला सापडणार नाहीत असं नाही.

त्या इमारतीत माझाही जीव अडकला आहे. आत शिरल्यावर एक रुंद जिना आहे, उतरत उतरत वाचनकक्षात जाणारा. वरून उत्तरेचा उजेड येतो आणि लोक पायऱ्यांवरच बसून वाचतात. त्या जिन्याला बक्षीस मिळालं. समारंभात हे म्हणाले होते, "माझी बायको शाळेतून आली की घरच्या जिन्यावर बसून पेपर तपासते. तिला बघून मला हा जिना सुचला." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली होती, पण प्रत्येक शब्द ऐकला होता. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याविषयी चारचौघांत काढलेलं ते एकमेव वाक्य.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

वाचनालयाच्या फोल्डरमध्ये दोनशे चौदा फायली आहेत. प्रत्येकीच्या नावामागे एक टिंब आणि टिंबामागे दोन-तीन अक्षरांचं शेपूट. शेपटावरून कॉम्प्युटरला कळतं की फाईल कोणत्या प्रोग्रामात उघडायची. माझ्या ओळखीची शेपटं पाच-सहा. इथे मात्र डीडब्ल्यूजी, बीएके, पीएलटी, एसकेपी, आणि एकात तर चक्क डॉलरचं चिन्ह. दोनदा क्लिक केलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो, ही कशात उघडू?

दुपारी नणंद आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि माझ्या घरात काय चाललंय ते माझ्या आधी तिला कळतं.

"वहिनी, पेन्सिलला फोन कर ना. अर्ध्या तासात काढून देईल."

"काही गरज नाही."

"अजून राग आहे वाटतं?"

"राग यायला ती माझी कोण लागते?"

नणंद हसली. तिचं हसणं मला लग्नापासून आवडत नाही.

पेन्सिल म्हणजे ह्यांच्या हाताखाली काम करणारी मुलगी. अंगाने काडी, आणि अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून मी ठेवलेलं नाव. पाच वर्षं आमच्या घराखालच्या ऑफिसात होती. दार लावून दोघं तासन्‌तास काम करत. बक्षीस मिळाल्यावर महिन्याभरात ती अचानक सोडून गेली. मी समारंभात तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती लागू पडली असं मला वाटलं. त्याचं समाधान मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

यश! डीडब्ल्यूजी म्हणजे नकाशाची फाईल. ती नुसती पाहायला फुकटचा एक प्रोग्राम मिळतो, तो मी बसवला. पाया, भिंती, छत सगळं उघडलं. जिना तेवढा नाही. जिन्याची डीडब्ल्यूजी कुठेच नाही, पण त्याच नावाची बीएके आहे. वाचून कळलं की ती जपून ठेवलेली आधीची प्रत असते. शेपूट पुसून डीडब्ल्यूजी लिहा, उघडेल. लिहिलं. उघडली!

जिना पडद्यावर पसरला. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट, त्यात "संकल्पना" समोर ह्यांचं नाव आणि "आरेखन" समोर पेन्सिलचं. म्हणजे डोकं ह्यांचं, हात तिचा. मी ह्यांना बोलावून दाखवलं. "नाही," म्हणाले आणि तोंड फिरवलं. त्यांना पडद्याचा उजेड सहन होत नाही हल्ली.

आता जिन्याच्या पायऱ्यांचे बारकावे, कठडा आणि उजेडाची खिडकी तेवढी हवी. ती उरलेल्या फायलींत असणार.

शनिवार, ९ फेब्रुवारी

जे केलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

एका फाईलचं शेपूट बदलून ती उघडली, म्हणून मी उरलेल्या एकशे साठ फायलींची शेपटं बदलली. सगळ्यांना डीडब्ल्यूजी. सकाळी नऊपासून जेवणापर्यंत, एकेक करून, नीट. अकरा उघडल्या. बाकीच्यांवर तोच संदेश: फाईल खराब आहे किंवा ओळखता येत नाही. आणि आता कोणतीचं मूळ शेपूट काय होतं ते मला ठाऊक नाही, कारण ते टिपून ठेवण्याची मला गरज वाटली नव्हती. जुनी डिस्क भंगारात गेली आहे.

एक उदाहरण सुटलं म्हणून सूत्र सिद्ध होत नाही, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

नणंदेने माझ्या मागे पेन्सिलला फोन केला. "उद्या येतेय ती," मला कळवलं, परवानगी विचारली नाही. "आणि वहिनी, कपाळावर आठ्या ठेवू नकोस. दोनशे फायलींचा पार विचका करून बसलीयस."

"दोनशे नाही. एकशे साठ."

बुधवार, १३ फेब्रुवारी

ती आली. चाळिशीकडे झुकली आहे, अंबाड्याच्या जागी आखूड केस, पेन्सिल नाही. मला "काकू" म्हणाली. ह्यांना अजून "सर". म्हणजे ते तरुण आणि मी तेवढी काकू.

सकाळपासून ह्यांनी उच्छाद मांडला होता. ती येणार म्हटल्यावर शर्ट बदलू देईनात. बाहेरच्या खोलीत न्यायला गेले तर पलंगाची कड घट्ट धरून ठेवली. मला कळलं. तिने आपल्याला अशा अवस्थेत पाहू नये, असं वाटत असणार. माझ्यासमोर सात महिने लाळ गळते, त्याचं काही नाही.

ती त्यांना भेटायला गेली, पण दाराशीच थांबली. खोलीत पाऊल टाकलं नाही. "बरं वाटतंय ना, सर?" एवढं विचारलं, तेही भिंतीकडे बघून. या वयात लाजते! आणि ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी रुमाल पुढे केला तर माझा हात झिडकारला.

माझ्या बाळंतपणात हे रडले नाहीत. माझ्या आईच्या वेळी रडले नाहीत.

मग ती लॅपटॉपपुढे बसली. माझा पराक्रम पाहून हसली नाही, हे मान्य करायला हवं.

"काकू, शेपूट कुणीही बदलतं. आतलं डोकं तेच राहतं." तिने एक फाईल अक्षरं टाइप करायच्या साध्या प्रोग्रामात उघडली. पडदाभर कचरा, पण सुरुवातीला स्वच्छ दिसलं: एसी १०१८. "ही खरी नकाशाची. पहिली अक्षरं पीके असली तर गाठोडं बांधलेली फाईल. बीएम असली तर चित्र. कचऱ्याकडे बघायचं नाही, पहिली ओळ वाचायची."

इतकं सोपं. मला का सुचलं नाही याचा राग आला, आणि ती नऊ वर्षांपूर्वी हे ह्यांच्या शेजारी बसून शिकली असेल, याचा जास्त.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज पुन्हा आली. मी फाईल उघडायची, पहिली अक्षरं वाचायची, तिने शेपूट सांगायचं, मी लावायचं. शंभर ओलांडल्यावर मी तिला विचारेनाशी झाले, मलाच कळू लागलं.

"काकू, तुमचा हात चांगला बसलाय."

"माझा हात बसलेलाच असतो. उशीर डोक्याला झाला."

ती खळखळून हसली. मलाही हसू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही.

कठडा सापडला, खिडकी सापडली. वाचनालयाला लागणारं सगळं झालं. जाता जाता एक फाईल राहिली होती, नाव "जिना पहिला". उघडली तर कचरा नव्हताच. पहिल्या ओळीला आयएन, एसपी १, आणि पुढे पानंच्या पानं पीयू, पीडी आणि आकडे.

"ही कसली?"

तिने पाहिलं आणि पटकन बंद केली. "राहू द्या. प्लॉटरची आहे. मोठ्या कागदावर नकाशा काढायचं यंत्र असायचं ना, त्याला दिलेल्या सूचना. जुनी आहे. काही उपयोग नाही."

"सगळ्या फायलींना शेपूट लावलं, हिलाही लावू."

"राहू द्या ना, काकू."

दोनदा "राहू द्या". तिचा चेहरा उतरला होता. ह्यांच्या खोलीकडे न बघता गेली.

काहीतरी आहे त्या फाईलमध्ये. मी आता डोळे मिटून बसणार नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

पीयू म्हणजे पेन उचल. पीडी म्हणजे पेन टेक. आणि आकडे म्हणजे कुठे, आडवं किती आणि उभं किती. हे कळायला मला कुणाची गरज पडली नाही. आठवीच्या वर्गाचं आलेखाचं गणित आहे हे.

कुठल्या प्रोग्रामात उघडेल ते शोधत बसले नाही. शोधायचं म्हणजे कुणाला तरी विचारायचं. कपाटातून आलेखाचा कागद काढला, टोक केलेली शिसपेन्सिल, पट्टी. सबंध जिना काढायचा तर महिना लागेल. मला कोपरा हवा होता. कुणाला काही खासगी लिहायचं असेल तर कोपऱ्यात लिहील, असा माझा हिशेब. उजवीकडचे, खालचे आकडे तेवढे वेगळे केले. दहा आकड्यांना एक मिलिमीटर धरला.

चौकटीच्या रेषा आल्या. मग बारीक बारीक तुकडे. पेन टेक, थोडं वर, थोडं उजवीकडे, उचल. एक अक्षर तयार व्हायला वीस-वीस बिंदू. नणंद डोकावून गेली. "वहिनी, भरतकाम चाललंय का?" मी पुढचा बिंदू मांडला. माझ्या मनात आधीच एक वाक्य तयार होतं, तिथे जे निघेल असं वाटत होतं ते. लिहिणार नाही.

पाच वाजेपर्यंत "संकल्पना" हा शब्द झाला. मान आखडली.

सोमवार, १८ फेब्रुवारी

संकल्पना: पेन्सिलचं नाव. आडनावासकट.

तपासणी: ह्यांचं नाव.

तारीख, बक्षिसाच्या नकाशाच्या दोन महिने आधीची.

तीनदा पडताळून पाहिलं. माझी चूक असावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. चूक नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

तिला बोलावून घेतलं. आलेखाचा कागद पुढे ठेवला. "हे काय आहे?"

तिने रेघांवरून बोट फिरवलं. "काकू, हे तुम्ही हाताने काढलंत?"

"विषय बदलू नकोस."

"नाही हो, पण प्लॉटरचं काम हाताने करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं."

"पाहिलंस ना आता? नावं कधी बदलली?"

"स्पर्धेला पाठवायच्या आदल्या दिवशी. सर म्हणाले, ऑफिसच्या प्रमुखाच्या नावानेच पाठवतात, पुढच्या कामावर तुझं टाकू. मी हो म्हटलं. मग ते भाषण झालं."

"म्हणून गेलीस सोडून?"

"मग? तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी तिच्या कपात चहा ओतला. तो आधीच भरलेला होता. बशीत सांडला.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की. सरांशी बोलले. ते म्हणाले, कोण विश्वास ठेवेल? आणि आता त्यांना असं बघून काय बोलणार? पण काकू, दाराच्या आत नाही जाववत मला."

मला जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं. "तो जिना कुणाला बघून सुचला?"

"कुणाला बघून म्हणजे? जागेला उतार होता. भराव घालायचा तर दोन महिने जाणार होते. म्हटलं, उतारालाच पायऱ्या करू."

"मी आपल्या जिन्यावर बसायचे. रोज. पेपर तपासत."

"हो का?" ती खरंच आठवू पाहत होती. "मला नाही आठवत. मी दार लावूनच बसायचे. तुमची भीती वाटायची."

ती गेल्यावर भांडी घासली, कोरडी केली, पुन्हा घासली. नऊ वर्षं मी एका उताराला माझं चित्र समजत होते. प्रेम असतं तर मला भांडता आलं असतं. त्याची तयारी होती माझी, शब्दसुद्धा जमवून ठेवले होते. ह्यावरून काय म्हणून भांडू? आणि खरं सांगायचं तर हेवा गेलेला नाही. उलट वाढला. आधी वाटायचं तिने माझा नवरा घेतला. आता कळतंय की मला जी गोष्ट माझी वाटत होती, तिच्यात मी कधी नव्हतेच, आणि ती तिची होती.

बुधवार, २० फेब्रुवारी

नकाशे चिटणिसांना पाठवले. सोबत पत्र लिहिलं आणि ते पाठवण्याआधी ह्यांच्यापुढे धरलं. मोठ्याने वाचून दाखवलं: या इमारतीची संकल्पना माझी नसून माझ्या तेव्हाच्या साहाय्यिकेची आहे, दगडावर तिचं नाव असावं.

"नाही," हे म्हणाले.

"सही करा."

"नाही."

"हाताकडे बघायला सांगितलंय मला डॉक्टरांनी. हा घ्या पेन."

डाव्या हातात पेन दिला. त्यांनी तो कागदावर ठेवला आणि डोळे मिटले. मी समोरची खुर्ची ओढून बसले. परीक्षेच्या वर्गावर तीन-तीन तास बसले आहे मी, हलले नाही. चाळीस मिनिटं झाली. पत्र पाठवलं नसतं तरी कुणाला कळणार नव्हतं. दगडावर ह्यांचं नाव राहिलं असतं, आणि त्या भाषणातलं माझं वाक्यही. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. आम्ही दोघंही ते कबूल न करता बसलो होतो.

मग पेन हलला. सही लहान मुलाने गिरवल्यासारखी आली आहे, पण त्यांचीच आहे. पेन सोडल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. आज नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

सकाळी चिटणिसांचा फोन. आवाज रडवेला. "बाई, पत्र वाचलं. तुमचा मोठेपणा वगैरे ठीक आहे, पण दगड कोरून झालाय हो. सरांचं नाव पक्कं कोरलंय. परवा नाही तेरवा कार्यक्रम. आता नवा दगड कुठून आणू?"

"पुसा."

"बाई, दगड आहे तो, फळा नाही."

"मग उलटा करा. मागची बाजू कोरी असेल ना?"

 मग सावकाश, "असेल. पण मग सरांचं नाव..."

"आत राहील. भिंतीकडे तोंड करून."

ते हसले. मी विनोद केला नव्हता. खोटी उत्तरपत्रिका देणाऱ्याला मी तसंच उभं करत असे, तासभर.

फोन ठेवला तर हे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता पुन्हा रडणार. पण त्यांच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज आला, खोकल्यासारखा, आणि तोंडाची डावी बाजू वर गेली. खांदे हलायला लागले. हसत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा. "नाही, नाही," म्हणत डोळे पुसत हसत होते, आणि मग माझ्याही हसण्याचा बांध फुटला. नणंद धावत आली, काय झालं म्हणून. दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

लाळ पुसताना एक गोष्ट लक्षात आली, ती इथे लिहून ठेवते. तिच्यापुढे हे फक्त रडले आहेत. हसले ते माझ्यापुढे.